राखणीला ठेवलेली चाल

१० फेब्रुवारी, सोमवार

धाकट्या,

शुक्रवारी, ७ फेब्रुवारीला, संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी तू मला मारलंस. वेळ अंदाजानं सांगत नाही. शेजारच्या खुर्चीतल्या बाई हुंदके द्यायला लागल्या तेव्हा मी मनगटावरचं घड्याळ पडद्याच्या उजेडात धरून पाहिलं.

मी तुमच्या त्या भव्य संगीतमय चित्रपटाच्या पहिल्या खेळाला आले होते. तू पहिल्या रांगेत, मी शेवटून दुसऱ्या. आमंत्रण तूच पाठवलं होतंस, त्यामुळे मी येणार हे तुला ठाऊक होतं. मी मरणार हेही ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी एकाच पाकिटात घालायला जागा पुरली नसावी.

मी एकोणिसाव्या वर्षी गेले. छातीच्या कसल्याशा दुखण्यानं, पांढऱ्या झग्यात, एका लांबलचक जिन्यावर. आपल्या घराला जिनाच नाही. बाबा खाली पियानोवर आपली अखेरची रचना वाजवतात, बागेतल्या धुक्यात ऐंशी व्हायोलिनवाले उभे असतात, आणि मी पायरी पायरीनं खाली येत प्राण सोडते. आपल्या परसात ऐंशी माणसं उभी करायची तर एकमेकांच्या खांद्यावर बसवावी लागतील.

शेजारच्या बाईंनी मला रुमाल दिला. "किती लहान वयात गेली हो बिचारी," म्हणाल्या.

"हो ना," मी म्हटलं, "आणि दुसऱ्या दिवशी कामाला पण गेली."

त्यांनी रुमाल परत घेतला.

मी त्या वर्षी टेलिफोन खात्यात लागले आणि साठी पुरी करून बाहेर पडले. एवढा काळ लोकांच्या तारा जोडून देण्यात गेला. मेलेल्या बाईला निवृत्तीवेतन मिळत नाही, मला मिळतं. हा पुरावा तुझ्या दिग्दर्शकांना चालेल का, विचार.

पण खरा राग त्याचा नाही. तीन पिढ्यांच्या संगीतकारांवर पावणेतीन तासांचा चित्रपट काढलात आणि त्यात राखण नाही. एका दृश्यात नाही, एका वाक्यात नाही. आजोबा जिन्यावर उभे राहून कागदावर रचना लिहितात असं दाखवलंत. आजोबांनी चाल सुचल्यावर कागदाला कधी हात लावला? आधी राखण, मग कागद. संध्याकाळी नवी चाल घरातल्या एकाला एकदाच ऐकवायची, त्यानं ती रात्रभर मनात ठेवायची, सकाळी चाल बांधणाऱ्यानं विचारायचं, "काय ठेवलंय?" आणि जे परत येईल तेच लिहायचं. आलं नाही ते टाकायचं. आजोबांची राखण आत्याकडे होती, बाबांची माझ्याकडे. आपल्या घराण्याची सगळी अक्कल त्या एका रात्रीत होती आणि तुम्ही ती कापून जिना बसवलात.

उत्तर लिही.

तुझी ताई

२४ फेब्रुवारी

धाकट्या,

फोन आला तुझा. "ताई, सिनेमा आहे तो. लोकांना रडायला काहीतरी लागतं." मग मी घराचं विचारलं तर "बघू" म्हणालास आणि मागून कोणीतरी हाक मारली. लहानपणी बाबा ओरडले की तुला अशीच मागून कोणीतरी हाक मारायचं.

तेव्हा आता घराचं लिहूनच सांगते. तुझ्या सहीनं गेल्या सोमवारपासून पुढच्या तीन खोल्या लोकांना पाहायला उघडल्या आहेत. दारात टेबल टाकून तिकीटवाला बसतो. खोल्यांना चित्रपटात होता तसा निळा रंग दिला आहे. बाबांची खुर्ची माळ्यावर गेली, तिच्या जागी सिंहासनासारखं काहीतरी आलं. पियानो तेवढा आपला राहिला, पण त्याच्या भोवती जाड दोरी आहे. मी सवयीनं त्यावरची धूळ पुसायला गेले तर तिकीटवाला म्हणाला, "आजी, दोरीच्या आत जायचं नाही."

करारनामा मी वाचला. तू वाचला नसशील, सही करताना तुझं लक्ष नेहमी पेनाकडे असतं. त्यात लिहिलंय की पाहण्याच्या वेळात, म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, चित्रपटाच्या कथेशी विसंगत अशी कोणतीही व्यक्ती दर्शनी भागात दिसता कामा नये. या घरात मी एकटी राहते. म्हणजे ती विसंगत व्यक्ती कोण, हे शोधायला वकील नको. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर्स मला उद्धट म्हणाल्या, आगाऊ म्हणाल्या, पण विसंगत कोणी म्हटलं नव्हतं.

तर दहा ते सहा मी मागच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात. पुढच्या दाराला आतून कडी नाही, बाहेरून कुलूप आहे आणि किल्ली तिकीटवाल्याकडे. मी मागच्या दारानं, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून ये-जा करते. परवा एक जोडपं वाट चुकून स्वयंपाकघरात आलं. त्यातल्या नवऱ्यानं विचारलं, "तुम्ही इथे कामाला का?"

"हो," मी म्हटलं, "मेल्यापासून."

दोघं हसली. त्यांना मी फार आवडले असं बाहेर जाऊन तिकीटवाल्याला सांगून गेली.

मधल्या खोलीत माझा फोटो लावलाय. माझा म्हणजे माझी भूमिका केलेल्या मुलीचा. लोक त्याच्याखाली फुलं ठेवतात. सहा वाजल्यावर ती काढून पाण्यात घालण्याचं काम माझंच. स्वतःची फुलं स्वतःच बदलावी लागणारी मयत मी पहिलीच असेन.

हे सगळं मी सोसलं असतं. पण ते गाणं. जिन्यावरचं, मरणाचं. ते पुढच्या खोलीत दिवसभर लावून ठेवलेलं असतं. संपलं की पुन्हा सुरू. माझी खोली आणि ती खोली यांच्यात एक भिंत आहे, आणि ती भिंत किती पातळ आहे हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? त्याच भिंतीला कान लावून तू बाबांची रियाजाची शिवीगाळ ऐकायचास.

ते बंद करायला सांग. निदान आवाज कमी करायला सांग. माझ्या रागासाठी सांगत नाही. मला दुसरं कारण आहे. ते फोनवर सांगण्यासारखं नाही.

ताई

९ मार्च, रविवार

धाकट्या,

उत्तर नाही. तुझ्या कचेरीतून फळांची टोपली आली, तिच्यावर छापील चिठ्ठी होती, 'लवकर बरे व्हा'. मेल्यावर बरं होण्याची शुभेच्छा तुमच्याच धंद्यात देत असतील.

आज घरी पाहुणी आली होती. मागच्या दारावर टकटक झाली, उघडलं तर माझी मयत उभी. डोक्याला रुमाल, डोळ्याला काळा चष्मा, हातात चपला. डब्यांपाशी चिखल होता म्हणून काढल्या म्हणाली.

"मी तुमची... म्हणजे मी ती..."

"ओळखलं," मी म्हटलं. "रोज फुलं बदलते तुझी. आत ये."

पोरगी वाईट नाही. तुझ्या त्या दिग्दर्शकांनी तिला सांगितलं होतं की बहीण खरोखरच एकोणिसाव्या वर्षी गेली. मी जिवंत आहे हे तिला गेल्या आठवड्यात तिकीटवाल्याकडून कळलं. बिचारी माफी मागायला आली होती. मी तिला चहा दिला आणि सांगितलं, मेलीस मात्र छान, मला इतकं सावकाश जमलं नसतं.

मग भिंतीपलीकडे गाणं सुरू झालं आणि ती ओशाळली. तिनं विचारलं, "हे खरंच तुमच्या बाबांचं शेवटचं गाणं आहे?"

धाकट्या, आता तुझी आणि माझी गोष्ट. ती मी त्या मुलीला सांगितली नाही, तुलाच सांगते.

पहिल्या खेळाला, त्या काळोखात, चौथ्या सुरावरच मी ती चाल ओळखली. बाबांची नाही ती. तुझी आहे. तू एकोणीस वर्षांचा होतास, बाबा परगावी होते, आणि तू पहिल्यांदा मला म्हणालास, "ताई, माझी राखण कर." जेवणघराच्या टेबलावर बोटांनी ताल धरून ऐकवलीस. सकाळी दात घासायच्या आधी येऊन विचारलंस, "काय ठेवलंय?" आणि मी म्हटलं, "काही राहिलं नाही रे."

तू त्या महिन्यात घर सोडलंस. बाबांनी कारण विचारलं, तू सांगितलं नाहीस, मीही नाही. तुला वाटलं मी मुद्दाम टाकली. बाबांची लाडकी, तिला दुसरा कोणी बांधणारा नको होता. लग्नात, मयतीत, जिथे भेटलास तिथे तू माझ्याकडे त्याच नजरेनं पाहिलंस. तेव्हा एकदाच आणि शेवटचं लिहिते. राहिली नव्हती. राखणदारानं खोटं बोलायचं नसतं, लाडक्या भावासाठीसुद्धा नाही. तुझी चाल शेवटाला घरी, म्हणजे मूळ सुरावर, यायची घाई करत होती. जी घाई करते ती रात्रीत निसटते.

आता तीच चाल तू बाबांच्या नावावर घातलीस, ऐंशी व्हायोलिनं तिच्या दिमतीला दिलीस, आणि त्यावर मला मारलंस. नियोजन चांगलं आहे. रागाला इतका खर्च केलेला मी दुसरा पाहिला नाही.

मुलीला मी एवढंच म्हटलं, "नाही. बाबांचं शेवटचं हे नाही."

"मग ते कुठं आहे?"

मी तिला आणखी चहा दिला.

ताई

२२ मार्च

धाकट्या,

अजून उत्तर नाही. तेव्हा जे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं ते आता लिहिते. बसून वाच.

बाबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. तू गेल्यापासून त्यांनी काही बांधलं नव्हतं. लोकांना वाटायचं आटले. त्या संध्याकाळी पियानोचं झाकणही उघडलं नाही. खिडकीशी उभं राहून, माझ्याकडे पाठ करून, तोंडानंच म्हटली. एकदाच. मग म्हणाले, "ठेव." आणि झोपायला गेले.

सकाळी मी चहा घेऊन गेले. आपल्याकडे राखणदारानं आधी बोलायचं नाही, बांधणाऱ्यानं विचारायचं. म्हणून मी पेला हातात धरून पलंगाशी उभी राहिले, विचारण्याची वाट पाहत. चहा गार झाला तेव्हा मला कळलं.

तू संध्याकाळच्या गाडीनं आलास. मला वाटलं होतं तू विचारशील. बांधणारा गेला तर घरात जो दुसरा बांधणारा आहे त्यानं विचारायचं, हे आजोबांपासून चालत आलंय. आजोबा गेले तेव्हा बाबांनी आत्याला विचारलं होतं, तिच्या पायाशी जमिनीवर बसून. तुला ती गोष्ट पाठ होती. तू माझ्याकडे पाहिलंस, तोंड उघडलंस, आणि मागून कोणीतरी हाक मारली.

तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. कोणी विचारलं नाही म्हणून दिली नाही. दिल्याशिवाय लिहिता येत नाही, गुणगुणता येत नाही. टेलिफोन खात्यात बायका काम करताना गायच्या, मी ओठ मिटून बसायचे. त्यांना मी शिष्ट वाटायचे. न्हाणीघरात नाही, आगगाडीत नाही, तापात बरळतानासुद्धा नाही. रोज झोपायच्या आधी मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा जायचं आणि दार लावून घ्यायचं. लोक म्हणतात, मी लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, या घराला चिकटून बसले. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून माणूस कुठं जाईल?

आता सांगते भिंतीचं. महिनाभरापूर्वी झोपताना मी बाबांची चाल मनात धरली. अर्ध्यावर आले आणि पुढचा सूर आला तो तुझा. जिन्यावरचा. मी परत पहिल्यापासून गेले, पुन्हा तिथेच तू. दिवसभर जे भिंतीतून झिरपतं ते रात्री आत उतरतं. पहाटेपर्यंत बसून मी तुला बाहेर काढलं. आता रोज काढावं लागतं. कानात कापसाचे बोळे घालते, नळ सोडून बसते, परवा तर भांडी काढून पुन्हा घासली. तिकीटवाल्यानं भिंतीवर थाप मारली, "आजी, लोकांना गाणं ऐकू येत नाही."

एका घरात दोन चाली आणि मध्ये मी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि यात माझं तोंड दाबलेलं आहे ते तुझ्या एका न विचारलेल्या प्रश्नानं.

गाणं बंद कर. किंवा प्रश्न विचार.

ताई

२९ मार्च, शनिवार

धाकट्या,

हे शेवटचं.

आवाज बसला म्हणून घशाच्या डॉक्टरांकडे गेले होते. मला वाटलं सर्दी. त्यांनी नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ आहे, काढावी लागेल. गुरुवारी, १० एप्रिलला, सकाळी शस्त्रक्रिया. जीव जाणार नाही म्हणाले. एकदा गेलेला असल्यामुळे मी त्या बाबतीत निर्धास्त आहे. "बोलणं येईल, पण खरखरीत," म्हणाले. "गाणं विसरा. पण तुम्ही गात नसाल ना?"

"नाही," मी म्हटलं. "मी गात नाही."

नळी घशात असताना शेजारी उभी असलेली नर्स काहीतरी गुणगुणत होती. तुझी चाल. शेवटाला आल्यावर ती थांबली नाही. घाई गाळून, अर्धा श्वास जास्त घेऊन, शांतपणे मूळ सुरावर घरी आली. तिला कोणी शिकवलं नव्हतं. ऐकून ऐकून, तोंडात घोळून तिनंच ती सरळ केली होती. बाहेर आले तर औषधांच्या दुकानात एक गृहस्थ तीच, तशीच, म्हणत उभे. रस्त्यात एक बाई पिशव्या सावरत तीच, तशीच.

म्हणजे बघ. तुझी राखण सगळ्या गावानं केली, आणि जे परत आलं ते चांगलं आलं. त्या सकाळी तू विचारलंस तेव्हा काही राहिलं नव्हतं, हे खरं. आज कोणी मला विचारलं तर म्हणेन, राहिली. हे मी सगळ्यांदेखत म्हणायला तयार आहे. राखणदारानं खोटं बोलायचं नसतं, धाकट्यासाठी नाही आणि धाकट्याविरुद्धही नाही. तिच्यावरचं बाबांचं नाव काढ आणि तुझं घाल. ती तुझी आहे. बाबांच्या नावाखाली लपवण्याजोगी ती उरलेली नाही.

आणि मला बाबांची विचार.

तू का विचारत नाहीस हे मला कळत नाही असं समजू नकोस. ती ऐकल्यावर तुझी लहान वाटेल ही भीती आहे तुला. वाटेल कदाचित. मी काय सांगू, मी दोन्ही एकाच डोक्यात घेऊन जगतेय आणि अजून डोकं फुटलेलं नाही. तुझंही फुटणार नाही.

ती मुलगी आता दर रविवारी येते, मागच्या दारानं, चपला हातात घेऊन. तिला सूर कळतो. गेल्या खेपेला तिनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "तुमच्याकडे काहीतरी आहे ना? तुम्ही बोलताना मध्येच दार लावल्यासारख्या थांबता." मी तिला राखणीचं सगळं सांगितलं. चाल सांगितली नाही. तिनं दोन्ही कप विसळून पालथे घातले. मग म्हणाली, "आणि त्यांनी नाहीच विचारलं तर? मी विचारलेलं चालेल?"

नियमानं चालत नाही. ती घरातली नाही, बांधणारी नाही. पण धाकट्या, माझ्या जागी ती मेली आहे. एवढं नातं मला पुरेसं वाटायला लागलं आहे.

तेव्हा लक्ष देऊन वाच. मला तुझं उत्तर लेखी हवं. फोन चालणार नाही, फोनवर तू 'बघू' म्हणतोस. छापील चिठ्ठी चालणार नाही. फळं तर मुळीच नाहीत. तुझ्या हातानं, कागदावर, मंगळवार ८ एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडेल असं. स्वतः घेऊन आलास तर मागच्या दारानं ये, पुढचं तू विकलंयस.

पाच वाजेपर्यंत उत्तर आलं नाही, तर पाचला मी मधलं दार उघडून पुढच्या खोलीत येईन. त्या वेळी लोक असतात, असू देत. तिकीटवाल्याला मी सांगून ठेवलंय. तो म्हणाला, "आजी, करारात बसत नाही." मी म्हटलं, "मीही बसत नाही, म्हणून तर उभी राहतेय." विचार करून म्हणाला की मंगळवारी पाचला तो गाण्याचं यंत्र पुसायला बंद करील. दोरी मी स्वतः काढीन. मुलगी पियानोशी बसेल, सगळ्यांदेखत मला विचारील, आणि मी देईन. आहे त्या आवाजात, एकदाच, बाबांनी दिली तशी. त्यानंतर ती तिची. तिनं लिहावी, विसरावी, रस्त्यावर सोडावी. माझ्याकडे काही राहणार नाही, आणि मी या घरातून कुठंही जायला मोकळी होईन.

त्यापेक्षा तू लिही. लांब पत्र नको, माफी नको, चित्रपटाचं समर्थन नको. दोनच शब्द लागतात, आणि ते तुला दात घासायच्या आधीपासून पाठ आहेत.

मंगळवार, पाचच्या आत.

तुझी ताई
(हयात)